वर्तणुकीच्या रकान्यातला शब्द

बोरगाव मेघे, वर्धा
८ जून २०२५

देवेंद्र,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय आहे. आज हात थांबला. आधी हे वाच, मग आशीर्वाद घ्यायचा की नाही ते तूच ठरव.

मी लीनाबाई. वर्ध्याच्या आपल्या शाळेत तुला नववी-दहावीला इंग्रजी शिकवत होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमचे हे, म्हणजे कृष्णकांत, जिल्हा परिषदेतून माझ्या आधीच निवृत्त झालेत. आता दोघं घरात एकमेकांच्या चुका काढत असतो. तुझा पत्ता आपल्या शाळेतल्या योगेंद्रकडून मिळाला. तो बियाण्यांच्या कंपनीचं काम करतो आणि अल्लीपूरला येत-जात असतो. ‘ताराचंदजींचं किराणा दुकान म्हटलं की कोणीही सांगेल बाई,’ म्हणाला. तुझा फोन नंबरही दिला त्याने. दोनदा लावायला घेतला. पण फोनवर मी लगेच बाई होते, समोरच्याला बोलू देत नाही. म्हणून पत्र.

मागच्या आठवड्यात चारुता घरी आली होती. तुझ्याच वर्गातली, पाटबंधारे खात्यातल्या साहेबांची मुलगी. दहावीनंतर लगेच तिच्या वडिलांची अकोल्याला बदली झाली, आता ती तिथेच बँकेत असते. पवनारला नात्यातलं लग्न होतं, त्यातून वेळ काढून आली. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, “बाई, देवेंद्र कुठे असतो हो? त्याचे आभार मानायचे राहून गेले.”

मी विचारलं, “आभार कसले?”

तिने सांगितलं. दहावीच्या निकालाचा दिवस. गुणपत्रिका घेऊन ती बाहेर आली आणि तिच्या लक्षात आलं की आपले कपडे खराब झालेत. पाळी चार दिवस आधीच आली होती. सगळं पटांगण मुलांनी आणि पालकांनी भरलेलं. ती सायकल स्टँडच्या मागे जाऊन रडत उभी राहिली. तू सायकल काढायला आलास. तिने काही सांगितलं नाही, पण तुला कळलं. तू अंगातला शर्ट काढून तिच्या हातात दिलास आणि म्हणालास, “कमरेले बांध आन् घरी जा.” ती म्हणाली, “कोणाला सांगू नकोस.” तू म्हणालास, “नाई सांगत.”

तेवढ्यात मी तिथे आले होते. मी काय पाहिलं तर उघड्या अंगाचा मुलगा आणि रडणारी मुलगी. मी ओरडले. ती पळाली. तुझा हात धरून मी तुला पुंडलिकराव हेडमास्तरांसमोर उभं केलं. “काय करत होतास?” असं आम्ही तुला दहा वेळा विचारलं. तू दहाही वेळा म्हणालास, “काही नाही.”

“मुलीचं नाव नको,” हेडमास्तर म्हणाले. “तिच्या घरी कळलं तर तिचं शिक्षण बंद होईल. ह्याच्या दाखल्यावर लिहा काहीतरी. नागपूरला चाललाय ना डिप्लोमाला, तर इंग्रजीतच लिहा.”

ते मी लिहिलं, देवेंद्र. तुझ्या दाखल्यावरच्या कंडक्टच्या रकान्यात, जिथे सगळ्यांच्या दाखल्यांवर ‘गुड’ असतं, तिथे मी ‘इनडिसेंट’ लिहिलं.

मला खरंच वाटलं होतं की हा साधा शब्द आहे. आपल्याकडे म्हणतात ना, पोरगा डिसेंट आहे, शर्ट डिसेंट दिसतो. त्याचं उलटं ते इनडिसेंट. म्हणजे जरा नीट न वागणारा, एवढंच. परवा चारुता गेल्यावर शब्दकोश काढला तेव्हा कळलं की तो शब्द किती घाण आहे. अश्लील वागणाऱ्याला, अंगाशी चाळे करणाऱ्याला तो लावतात.

चारुताला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तिचा चहा तसाच राहिला. “बाई, आता कोणालाही सांगा,” ती म्हणाली. “माझ्या मुलीला तर मीच सांगणार आहे.”

मला माफ कर, असं एका ओळीत लिहून संपवणं मला बरं वाटत नाही. पण लिहिल्याशिवायही राहवत नाही. माफ कर.

लीनाबाई


बोरगाव मेघे
२२ जून २०२५

देवेंद्र,

चौदा दिवस झाले. तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी रोज फाटकात गाठते, तोही आता मला पाहिलं की लांबूनच हात हलवून ‘नाही’ म्हणतो.

उत्तर नसलं तरी लिहितेय. तू वाचत असशील किंवा नसशील.

इथे आमच्या कॉलनीत आजकाल एक इंग्रजी शब्द फार झालाय, इनअ‍ॅप्रोप्रिएट. ग्रुपवर कोणी काही टाकलं की दुसरा लिहितो, हे इनअ‍ॅप्रोप्रिएट आहे. गच्चीवर कपडे वाळत घातले, इनअ‍ॅप्रोप्रिएट. गणपतीच्या वर्गणीची पावती दिली नाही, तेही इनअ‍ॅप्रोप्रिएट. समोरच्यांचा अंकित सहावीत आहे, तो आईला म्हणाला, “भाजीत पपई घालणं इनअ‍ॅप्रोप्रिएट आहे.” मी हसले आणि मग घरात येऊन वही काढली. मास्तरीण आहे, दुसरं काय करणार?

वहीत मी हे सगळे शब्द एकाखाली एक लिहिले. इनअ‍ॅप्रोप्रिएट म्हणजे त्या जागी, त्या वेळी न बसणारं. लग्नात मोठ्याने भांडणं, मयताच्या घरी मोबाइलवर गाणी लावणं. गोष्ट वाईट असेलच असं नाही, जागा चुकलेली. इम्प्रॉपर म्हणजे रीत सोडून केलेलं. अनबिकमिंग म्हणजे त्या माणसाला न शोभणारं. तेच काम दुसऱ्याने केलं तर चालेल, पण पोलिसाने, डॉक्टरने, गुरुजींनी केलं तर शोभत नाही. आणि इनडिसेंट सगळ्यांत वेगळा. त्यात शरीर येतं, लाज येते. हा शब्द एकदा लागला की ऐकणारा माणूस पुढचं आपल्या मनानेच रचतो.

हे सगळं लिहून मी विचार करत बसले की त्या दिवशी मी कुठला शब्द लिहायला हवा होता. इम्प्रॉपर चाललं असतं. शर्ट काढून शाळेत उभं राहणं रीतीला धरून नव्हतंच. हेडमास्तरांचं समाधान झालं असतं आणि तुझंही फार नुकसान झालं नसतं.

तुला आठवतं का, नववीत मी मिसबिहेव्ह शिकवत होते तेव्हा तू उभा राहून विचारलं होतंस, “बाई, मिसबिहेव्हमधली मिस म्हणजे तुम्हीच का?” सगळा वर्ग हसला. मी तुला बाहेर उभं केलं, आणि स्टाफरूममध्ये जाऊन मीही हसले. तुझ्या निबंधात शुद्धलेखन वाईट असायचं, पण प्रत्येक निबंधात एक तरी वाक्य असं असायचं की मी ते ह्यांना घरी वाचून दाखवायची. ‘पावसाळ्यात आमच्या दुकानातला गूळ माझ्या बाबांसारखा होतो, वरून कडक आणि आतून ओला.’ हे तुझंच. इंग्रजीत लिहिलं होतंस, व्याकरण सगळं चुकलेलं. मी दहापैकी आठ दिले होते.

नागपूरच्या डिप्लोमाचं काय झालं ते मला माहीत नाही. योगेंद्र म्हणाला की तू दुकानच सांभाळतोस. कदाचित तुला स्वतःलाच दुकान आवडलं असेल. असं मी स्वतःला सांगते.

कळव.

लीनाबाई


अल्लीपूर
३० जून २०२५

बाईंना नमस्कार.

दोन्ही पत्रं भेटली. मले पत्र लिहाची सवय नाई, जसं बोलतो तसं लिहून राह्यलो.

शब्दाचा अर्थ मले माहीत आहे. तुम्ही सांगाची गरज नाई. नागपूरले अ‍ॅडमिशन झालती. होस्टेलच्या रेक्टरनं दाखला वाचला आन् बाबाले म्हणाला, असा पोरगा आम्हाले नाई पाह्यजे. बाबाले इंग्रजी येत नाई. त्यायनं विचारलं असा म्हणजे कसा, त रेक्टर बोलला नाई. डिप्लोमा तिथंच राह्यला. गावात आल्यावर बाबा दाखला घेऊन रूपराव कंपाउंडरकडं गेले. रूपरावनं डिक्शनरी पाहून सांगितलं, पोरानं घाण काम केलं असं लिहिलं आहे.

बाबानं मारलं नाई. मारलं असतं त बरं झालं असतं. तवापासून आम्ही मालाचंच बोलतो. साखर संपली, तेलाचा डबा आला, एवढंच. मायच्या तेराव्यालेबी आम्ही मंडपवाल्याचंच बोललो.

मी तिले सांगितलं होतं कोणाले सांगणार नाई, म्हून नाई सांगितलं. नंतर ती गेली, मंग कोणाले सांगाचं आन् कोण मानते?

इम्प्रॉपर लिहिलं असतं म्हणता. काऊन? मी काय केलतं?

आन् एक विचारतो. तुम्ही इंग्रजीच्या बाई. त्याच्यानंतरबी पंचवीस वर्ष शिकवलं. तो शब्द तुमच्यापुढं एक वेळाबी आला नाई का?

मले सांगून आता काय होते? बाबा हायेत अजून. ज्याले सांगाचं त्याले सांगा.

देवेंद्र


बोरगाव मेघे
६ जुलै २०२५

देवेंद्र,

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतकी खूश झाले की पोस्टमनला आत बोलावून सरबत दिलं. मग पत्र उघडलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आला होता. तो शब्द माझ्यापुढे आला होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की चारुता गेल्यावर शब्दकोश काढला आणि मला कळलं. ते खोटं आहे. मला त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये कळलं होतं. सहामाहीचा पेपर काढत होते. विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नात मी ‘डिसेंट’ घातला आणि उत्तर एकदा तपासावं म्हणून ग्रंथालयातला मोठा शब्दकोश उघडला. तिथे तो अर्थ वाचला. पुन्हा वाचला. त्याच्यानंतरचे पाच-सहा शब्दही वाचले, जणू पुढे कुठेतरी लिहिलेलं असेल की वरचा अर्थ चुकला आहे.

मी हेडमास्तरांकडे गेले. हे खरं आहे, देवेंद्र, मी गेले होते. पुंडलिकराव म्हणाले, “दाखला कधीच गेला, बाई. आता दुरुस्ती करायची म्हणजे शाळेने चूक केली असं लिहून द्यायचं. आणि तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत.” एवढंच म्हणाले. धमकी नव्हती ती. ते पान लावत होते आणि पान लावता लावता म्हणाले. ते आता नाहीत, त्यांच्यावर ढकलून मी मोकळी होऊ शकते. पण मी तेहतीस वर्षांची होते, दोन पायांवर चालत होते, वर्ध्याहून अल्लीपूरची एसटी तेव्हाही सुटत होती.

मी स्टाफरूममध्ये परत आले आणि पेपरातला तो प्रश्न काढून टाकला. त्यानंतर पंचवीस वर्षांत मी विरुद्धार्थी शब्दांत ‘डिसेंट’ कधीच विचारला नाही. एका वर्षी एका मुलीने वर्गात त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारला, तर मी म्हटलं, तो परीक्षेला येत नाही.

मार्चमध्ये मी कायम झाले. पेढे वाटले.

दर वर्षी वाटायचं, तू नागपूरला शिकत असशील, दाखले कोण वाचतं, साहेबलोक सही पाहून फाइलला लावतात. तू कुठे आहेस हे विचारायला मला योगेंद्रला फक्त एक फोन करायचा होता. तो केला नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की तू काहीच केलं नव्हतंस. इम्प्रॉपर नाही, इनअ‍ॅप्रोप्रिएट नाही. मागच्या पत्रात मी तुझ्यासाठी बेताचा शब्द शोधत बसले होते, म्हणजे माझी चूक तेवढीच लहान झाली असती. ते पत्र मी पोस्टात टाकायच्या आधी ह्यांना वाचून दाखवलं होतं. ते काही बोलले नाहीत. तुझं उत्तर वाचल्यावर बोलले. म्हणाले, “लीना, तू अजून त्या पोरालाच शब्द शोधून राहिलीस. एखादा स्वतःलाही लावून बघ.”

लावून पाहिला. न शोभणारं, अनबिकमिंग. शिक्षिकेला न शोभणारं वागणं. नेमका बसतो. लिहिताना हात अडखळला नाही.

आईचं कळून वाईट वाटलं. मला माहीत नव्हतं.

तुझ्या वडिलांना सांगायला मी येते. ह्यांना म्हटलं तुम्ही चला सोबत, तर म्हणाले, हे एकटीनेच करायचं काम आहे, मी स्टँडपर्यंत सोडतो. शनिवारी, १९ तारखेला, दुपारच्या गाडीने येईन. तुला समोर राहायचं नसेल तर राहू नकोस. मला चालेल.

लीनाबाई


बोरगाव मेघे
२० जुलै २०२५

देवेंद्र,

तू काल मुद्दाम हिंगणघाटला माल आणायला गेलास हे मला ज्योत्स्नाने सांगितलं. चांगली मुलगी आहे तुझी बायको. मी कोण आहे हे सांगितल्यावर तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाणी आणून दिलं. तिला तू सांगितलेलं आहेस, हे तिच्या पाहण्यावरून कळलं.

तुझ्या माघारी काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून कालच्या कालच लिहायला बसणार होते. पण काल हात चालला नाही.

ताराचंदजी दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं नाही. मी म्हटलं, “मी देवेंद्रच्या शाळेतली बाई. त्याच्या दाखल्यावर मी लिहिलं होतं.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. “बसा,” म्हणाले.

मी तयारी करून गेले होते. एसटीत सगळं मनात जुळवलं होतं, काय आधी, काय नंतर. तिथे बसल्यावर क्रम राहिला नाही. मी म्हटलं, “तो शब्द चुकीचा होता. मला त्याचा अर्थ तेव्हा माहीत नव्हता. तीन महिन्यांनी कळला आणि तरी मी गप्प बसले. तुमच्या मुलाने घाण काम केलं नव्हतं. कुठलंच वाईट काम केलं नव्हतं.”

त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून हे मला मोठ्याने सांगावं लागलं. तेल घ्यायला आलेल्या मंदाबाई म्हणून कोणी होत्या, त्यांनीही ऐकलं. ते एका परीने बरंच झालं.

ताराचंदजींनी तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाले, “सव्वीस वर्ष काऊन लागले, बाई?”

मी म्हटलं, “भीती वाटली. आधी नोकरीची. मग तुमची.”

“मी त्याले बायामाणसाच्या समोर बसू देल्लं नाई,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “गिऱ्हाईक बाई आली का मी म्हणू, तू आत जा, पोते मोज. त्याचं लगन झालं, त्याले लेक झाली, तरीबी आत जा. तो जाये. एक वेळा नाई म्हतलं नाई त्यानं.”

हे मला माहीत नव्हतं. तू पत्रात लिहिलं नव्हतंस.

मी बोलायला गेले. म्हटलं, “ताराचंदजी, त्या दिवशी खरं काय झालं ते मी सांगते. त्या मुलीनेच मला…”

त्यांनी हात वर केला. आपण वर्गात मुलांना थांबवतो ना, तसा. म्हणाले, “नका सांगू. एक वेळा तुमचं ऐकलं आन् त्याचं नाई ऐकलं. आता जे ऐकाचं ते त्याच्याचकडून ऐकतो.”

मी उठले. ज्योत्स्ना जेवायला थांबा म्हणत होती, पण मला थांबवेना. दुकानाच्या पायरीशी आले तर ताराचंदजींनी मागून विचारलं, “आता कुठची गाडी आहे?” मी म्हटलं, साडेचारची. “उनात नका उभं राहू. हाटेलात बसजा,” म्हणाले. रागावलेला माणूस एवढी काळजी करतो तेव्हा जास्त लागतं.

ते तुला विचारतील की नाही, मला सांगता येत नाही. विचारलं तर सगळं सांग. चारुताला मी काल फोन केला होता, तीही तेच म्हणाली. तिचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे.

शाळेला मी रीतसर अर्ज दिला आहे, की १९९९ सालच्या तुझ्या दाखल्यावरचा शेरा चुकीचा आहे आणि तो माझ्या हातून लिहिला गेला. आताच्या हेडमास्तरीण बाई माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्या म्हणाल्या, “मॅडम, आता याचा काय उपयोग?” मी म्हटलं, “उपयोगाचं तुम्ही नका बघू, आवक क्रमांक टाका.”

लीनाबाई


अल्लीपूर
३१ जुलै २०२५

बाईंना नमस्कार.

तुम्ही आल्या तवा मी हिंगणघाटले गेलतो, ते खरं आहे. माल नव्हता आणाचा. बसस्टँडवर बसून होतो.

तुमच्यावरचा राग गेला का, असं तुम्ही विचारलं नाई, तरी सांगतो. पूर्ण नाई गेला. तिसरं पत्र वाचलं तवा त वाढला. पेढे वाटल्याचं तुम्ही लिहिलं नसतं त मले कधी समजलं नसतं. काऊन लिहिलं म्हून दोन दिवस विचार करत होतो. मंग वाटलं, खरं सांगाचं म्हतलं म्हणजे माणूस असंच सांगते.

मंदाबाईनं सगळ्या गल्लीत सांगितलं. रूपराव कंपाउंडर आता लय म्हातारे झाले. काठी टेकत दुकानात आले आन् बाबाले म्हणाले, “मी त जे छापलं होतं तेच सांगितलं, भाऊ.” बाबा म्हणाले, “तुह्यं काई नाई चुकलं. बस.”

पण मले काई विचारलं नाई. शनिवार गेला, आठवडा गेला. साखर, तेल, डाळ. मीबी म्हतलं, जाऊ दे, आता या वयात काय विचारतात!

मंग या रविवारी दुपारी दुकान बंद होतं. जेवण झालं. मी बाहेर बाजेवर पडलो होतो. बाबा आले आन् माह्या पायापाशी बसले. ते असे कधी बसत नाई. मी उठून बसलो. त्यायनं माह्याकडं पाह्यलं नाई, समोर पाहूनच म्हणाले, “त्या दिवशी काय झालतं?”

बाई, तुम्हाले काय सांगू? मी बेचाळीस वर्षाचा माणूस. मले बोलताच येईना. बाबासमोर बायकायच्या पाळीचं कसं बोलाचं, तेबी एक होतं. मी म्हतलं, “पोरीचे कपडे खराब झालते.” ते समजले. मंग मी सगळं सांगितलं. सायकल स्टँड सांगितलं, ती कशी भिंतीले पाठ लावून उभी होती ते सांगितलं. शर्ट देल्ला ते सांगितलं. बाहेर गर्दी होती, तिचा बाप फाटकाजवळच उभा होता, तेबी सांगितलं.

ते म्हणाले, “मंग तू बोलला काऊन नाई?”

“तिनं म्हतलं होतं कोणाले सांगू नको.”

“मलेबी नाई?”

मी म्हतलं, “तुम्ही विचारलंच नाई, बाबा.”

मले वाटलं आता ते उठून जातील. उठले नाई. म्हणाले, “हाव. नाई विचारलं.”

एवढं बोलून त्यायनं बाजेची सुटलेली सुतळी ओढून गाठ मारली. मी त्यायच्या हाताकडं पाहत होतो. मंग म्हणाले, “मी असतो त मीबी तेच केलं असतं.”

मी तसाच बसून राह्यलो. तेबी बसले होते. ज्योत्स्ना चाय घेऊन बाहेर आली, त्यायचे डोळे पाह्यले, माह्ये पाह्यले आन् घाबरली. तिले वाटलं आमचं भांडण झालं. कप हातातच धरून म्हणाली, “काय झालं? काय झालं बाबा?”

बाबा म्हणाले, “काई नाई झालं. आम्ही बोलून राह्यलो.”

देवेंद्र